कोयनेच्या बॅकवॉटरला तंबूत राहायचंय : तापोळा की बामणोली?

ओलीभेळ
नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार संध्याकाळ ते रविवार शिवसागर जलाशयाच्या काठी राहायचा बेत शिजतोय. सहा मोठे, दोन मुलं (७ आणि ११ वर्षं). पुण्याहून दोन गाड्या. रिसॉर्टवाल्यांचे आयते तंबू नकोत, कारण तिथे रात्री स्पीकर आणि शेजारच्या कंपूचा वाढदिवस असतो. स्वतःचे तंबू, स्वतःचा स्वयंपाक, समोर पाणी, मागे झाडी, एवढीच अपेक्षा आहे.

प्रश्न असे :
– महाबळेश्वरहून तापोळा की साताऱ्याहून बामणोली?
– वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जंगलात एक रात्र तंबू ठोकता येईल का? (नवरा म्हणतो, "एवढ्या जंगलात कोण बघतंय!")
– आमच्याकडे सेलमध्ये घेतलेले दोन तंबू आहेत. वर 'चार माणसांसाठी' लिहिलंय. पुरतील ना?
– डास, जळवा, साप यांचं काय करायचं?

नेटवर जो तो 'मिनी काश्मीर' लिहून सूर्यास्ताचे फोटो टाकतो. सूर्यास्तानंतर काय होतं, ते कोणीच लिहीत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोटोबा
रुमाल टाकून ठेवतो. जेवणाचा विषय निघाला की हाक मारा.

कड्यावरचा_कावळा
ओलीभेळताई, नवरोबांना सांगा, वनखातं बघतंय.

वासोट्याकडचा काठ कोयना अभयारण्यात येतो. हे १९८५ पासूनचं अभयारण्य. २०१० मध्ये चांदोलीसकट त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या यादीत कोयनाही गेलं. तिथे मुक्काम करता येत नाही, चूल पेटवता येत नाही. पूर्वी लोक नागेश्वरच्या गुहेत राहायचे, त्याच्या सुरस कथा जुन्या ट्रेकर मंडळींकडून ऐकायला मिळतील. त्या ऐकून आता कोणी जाऊ नये. वासोटा हा दिवसाचा ट्रेक आहे. सकाळी बामणोलीला सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रं देऊन परवाना घ्यायचा, बोट ठरवायची, साधारण दीड तास पाण्यातून जाऊन पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरायचं. तिथल्या चौकीवर पिशव्या उघडून प्लास्टिकची मोजदाद होते, अनामत भरावी लागते. उतरताना तेवढ्याच बाटल्या दाखवल्या की पैसे परत. दोनेक तासांची चढण, वर बाबूकडा बघायचा आणि संध्याकाळच्या आत बोटीत बसायचं. पावसाळ्यात बंद असतो. बोटीचं भाडं माणशी नसून अख्ख्या बोटीचं असतं, त्यामुळे आठ जणांना परवडतं.

मुक्काम करायचा तर गावाच्या बाजूला, खासगी जागेत, मालकाला विचारून. दुसरा पर्याय नाही, आणि शोधूही नये.

तापोळा की बामणोली? वासोटा करायचा असेल तर बामणोली. नुसतं पाणी बघत लोळायचं असेल तर तापोळा, पण शनिवारी महाबळेश्वरच्या गर्दीतून गाडी काढायची तयारी ठेवा. बामणोलीला साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून जाता. डिसेंबरात पठारावर फुलं नसतात, म्हणून गर्दीही नसते.

पवनापुत्र
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? पुण्याहून दीड-दोन तासांत पवना. पाणी आहे, डोंगर आहे, लोहगड-तिकोना समोर. संध्याकाळी जा, सकाळी परत.

ओलीभेळ
@पवनापुत्र, स्पीकर!

पवनापुत्र
बरं, तो मुद्दा मान्य.

कोयनाकाठ
राम राम. मी जावळीतलाच, आमचं गाव पाण्याला लागून. कावळेसाहेब बोलले ते बरोबर हाय. थोडी भर घालतो.

डिसेंबरात भाताची कापणी-झोडणी झालेली असती. खाचरं मोकळी पडतात. सपाट जागा म्हणून पावनं थेट खाचरात गाडी घालतात आणि बांध मोडतात. तो बांध परत घालायला घरची दोन माणसं दिवसभर राबतात. तर गाडी रस्त्याकडंला लावा आणि घरात जाऊन विचारा. नाही कोण म्हणत नाही. फार तर जागेचं थोडं पैसं घेतील, पण त्यात पाणी, संडास आणि रात्रीची सोबत मिळती.

धसकटांवर तंबूचा तळ फाटतो. घरात पेंढा मागा. चांगला वीतभर पेंढा अंथरायचा, वर ताडपत्री, वर तंबू. खालनं ओल येत नाही आणि ऊब राहती. गादी विसराल. फक्त पेंढ्याच्या गंजीशेजारी तंबू नको. गंजीत उंदीर, उंदरामागं जनावर, म्हंजी साप.

आणि एक. बाटल्या फोडू नका. मागल्या साली आमच्या म्हशीच्या खुरात काच गेली, महिनाभर लंगडत होती. तुमी फोडता असं नाही म्हणत, पण फोडणारी मंडळीबी तुमच्यासारखीच गाडी घेऊन येतात.

तिखटमिरी
कोयनाकाठदादा, पेंढ्यासाठी कोपरापासून नमस्कार.

ओलीभेळ, मी सगळ्यात आधी तो विषय काढते जो पुरुष कधीच काढत नाहीत. संडास. 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे ठीक आहे, पण पहाटे पाच वाजता दव पडलेल्या गवतातून, हातात बॅटरी घेऊन, सात वर्षांच्या मुलीला कुठे नेणार? गावातल्या घरी विचारलंत तर अर्धा प्रवास तिथेच सुखाचा होतो. आडोशालाच जायची वेळ आली तर पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा, वरून माती. ओले वाइप्स मातीत कुजत नाहीत, ते पिशवीत घालून परत आणायचे. आमच्या ग्रुपमध्ये त्यासाठी वेगळी काळी पिशवी असते आणि ती धरायची पाळी लावलेली असते. यावरून भांडणं होतात, होऊ देत.

मोडकी_छत्री
सिअ‍ॅटलहून लिहितोय. इकडे ऑलिंपिक द्वीपकल्पात होह नावाचं पर्जन्यारण्य आहे, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. महाबळेश्वरला त्याहून कितीतरी जास्त पडतो, पण तिकडे चार महिन्यांत आटोपतो. इथे वर्षातले बहुतेक महिने रिपरिप. तेव्हा ओल्या तंबूचा अभ्यास नाइलाजाने झालाय. तंबूच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

'चार माणसांचा' तंबू म्हणजे चार माणसं मापात कापून आडवी घातली तर मावतात असा. सामानासकट दोन मोठे आणि एक मूल. तुम्ही आठ जण, म्हणजे तिसरा तंबू लागेलच.

आता खरी गोम. पाण्याकाठी रात्री तुम्ही भिजता ते पावसाने नव्हे, तर स्वतःच्या श्वासाने. माणूस झोपेत रात्रभर वाफ सोडत असतो. स्वस्तातला तंबू एकपदरी असतो, त्याचं कापड बाहेरच्या थंडीने गार पडतं आणि आतली वाफ त्याला लागून पाणी होते. पहाटे चारला हात वर केलात तर बोटं ओली. कोणी कूस बदलली, खांदा कापडाला लागला, की थेंबांची सर थेट तोंडावर. लोकांना वाटतं तंबू गळतोय. तंबू गळत नसतो.

थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद करून, खिडक्या लावून झोपणं हा याच्यावरचा सगळ्यात वाईट उपाय. वरची झडप उघडी, दाराची जाळी बंद पण बाहेरचं कापड निम्मं गुंडाळलेलं, समोरची खिडकीही थोडी उघडी. वारा आरपार गेला पाहिजे. थंडीसाठी अंगावर घाला, तंबू बंद करू नका. तंबू दुपदरी असेल तर बाहेरचा पदर आतल्याला चिकटणार नाही इतक्या दोऱ्या ताणा. रात्री दवाने कापड सैल पडतं, झोपायच्या आधी पुन्हा एकदा ताणायचं.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका. कडा आत दुमडा. बाहेर राहिलेली कड दव गोळा करून आरामात तुमच्या पाठीखाली आणून सोडते.

ओले कपडे, ओले टॉवेल, बूट आत घ्यायचे नाहीत. झोपायचा कपड्यांचा एक जोड घट्ट बांधलेल्या पिशवीत कोरडा ठेवायचा आणि काही झालं तरी दिवसा त्याला हात लावायचा नाही. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा, त्या हवेत ते दोन दिवस वाळत नाहीत.

कड्यावरचा_कावळा
छत्रीराव, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. लोकरीबद्दल मात्र एक शब्द. धनगरी घोंगडी न्या. दमट झाली तरी ऊब धरते. गोधडीत दव मुरलं की ती पहाटेपर्यंत नुसती जड होत जाते.

पोटोबा
घोंगडी टोचते.

कड्यावरचा_कावळा
टोचू दे.

निवृत्त_नाना
मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, म्हणून पाण्याच्या बाजूने दोन गोष्टी.

कोयनेची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २१६३ फुटांवर असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय काठोकाठ दिसतो, तिथून मे अखेरीपर्यंत पाणी उतरतच जातं, कारण पश्चिमेला पोफळीकडे वीजनिर्मितीसाठी सोडलं जातं (वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घालून दिली आहे) आणि पूर्वेला सिंचनासाठी. त्यामुळे तुम्ही डिसेंबरात जाल तेव्हा पाणी आणि गवत यांच्या मध्ये उघड्या मातीचा एक पट्टा पडलेला असेल. फोटोत तो फार सुंदर दिसतो. सपाट, स्वच्छ, पाण्याला खेटून. तंबू लावायला सगळ्यात वाईट जागा तीच. वरचा पापुद्रा वाळलेला असतो, खाली गाळ. खुंट्या धरत नाहीत, सकाळी गाडी रुतते. जलाशय उन्हाळ्याकडे जसजसा आटतो तसतसा हा पट्टा रुंद होत जातो. एप्रिल-मेमध्ये काही ठिकाणी बोटही काठाला लागत नाही.

दुसरं म्हणजे थंडी. महाबळेश्वरला डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या बाजारपेठेतल्या नसतात. वेण्णालेक आणि लिंगमळा परिसरातल्या असतात. थंड हवा जड, ती रात्री उतारावरून ओघळून खोलगट जागेत साठते. बामणोली महाबळेश्वरपेक्षा कितीतरी खाली आहे, तिथे हिमकण पडणार नाहीत, पण नियम तोच. पाण्याच्या कडेपासून थोडं वर, उतारावरच्या एखाद्या टप्प्यावर राहिलात तर रात्र ऊबदार जाईल आणि दवही कमी पडेल. पाणी बघायला खाली उतरून जा, झोपायला वर या.

पोहण्याबद्दल : हा नैसर्गिक तलाव नाही, बुडालेलं खोरं आहे. खाली शेतांचे बांध, झाडांचे बुंधे, जुन्या नदीचं पात्र आहे. दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्याला तळ नाही, असं होतं. मुलांना लाइफ जॅकेटशिवाय घोट्याच्या वर पाण्यात सोडू नये.

अवांतर : तुमच्या तारखा ११ डिसेंबरच्या आसपास येताहेत. १९६७ मध्ये त्याच दिवशी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आजही त्या भागात अधूनमधून बारीक धक्के बसतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या पहाटेचं सांगतील. तंबूत झोपणाऱ्याने घाबरायचं कारण नाही; डोक्यावर पडायला आहे काय?

पोटोबा
नाना, हे सांगून तुम्ही ताईंची झोप उडवलीत.

डॉक्टरीणबाई
आता किडा-मुंगी खातं माझ्याकडे.

जळवा : डिसेंबरात त्रास जवळपास नाही. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाडीत असतात. लागलीच तर ओढू नका, नखाने तोंडाशी आडवं सरकवा, सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नये.

गोचीड : याला लोक विसरतात. पावसाळा संपून गवत वाळायला लागलं की गुरांच्या वाटांवर बारीक गोचिडी असतात, टाचणीच्या डोक्याएवढ्या. दुसऱ्या दिवशी कमरेला, काखेत लाल पुरळ, आणि खाज पंधरा-पंधरा दिवस. फुल पँट मोज्यात खोचा. संध्याकाळी मुलांचं अंग बॅटरीच्या उजेडात नीट तपासा, विशेषतः कानामागे. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी असले प्रयोग नकोत. घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात जाऊन आलो' हे आवर्जून सांगा, नाहीतर निदान भलतीकडेच भरकटतं.

डास : अंधार पडायच्या अर्धा तास आधीपासून लांब बाह्या आणि ओडोमॉस. तंबूत कॉइल लावायची नाही. कोळशाची शेगडी किंवा गॅस तर अजिबात आत न्यायचा नाही. धुराचा वास येवो न येवो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

साप : नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार लक्षात ठेवायचे. यातला मण्यार रात्रीचा हिंडतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि कित्येकदा चावल्याचं दुखतसुद्धा नाही. म्हणून जाळीची चेन कायम बंद, लहान मूल 'एक मिनिट' बाहेर गेलं तरी. बूट झटकून घालायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलाच तर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही न करता तो अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. रेंज सगळीकडे नसते. गावात कुठे उभं राहिलं की फोन लागतो, ते पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.

पिण्याचं पाणी घरून कॅनमध्ये न्या. जलाशयाचं पाणी उकळल्याशिवाय नको, गुरं त्यातच उतरतात.

कोयनाकाठ
गव्याचं कोणी बोललं नाही. रात्री गवे खाचराकडं येतात कधीमधी. आपण गप राहिलो की ते त्यांच्या वाटेनं जातात. तोंडावर बॅटरी मारायची नाही, मोबाइल घेऊन पुढं जायचं नाही. रानडुकरं खरकट्याच्या वासानं येतात, म्हणून ताटं रात्रीच धुवा, उरलेलं अन्न गाडीत ठेवून काचा वर करा. तंबूत बिस्किटाचा पुडाबी नको.

ओलीभेळ
तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा निम्मा बेत मोडीत काढलात आणि उरलेला निम्मा चांगला केलात. :)

अजून दोन शंका. शुक्रवारी आम्ही पुण्याहून पाचला निघणार, म्हणजे पोचायला रात्र. अंधारात तंबू लावणं जमेल? आणि शेकोटी? मुलांना शेकोटीचं वचन देऊन बसलोय.

कड्यावरचा_कावळा
अंधारात अनोळखी जागी तंबू लावू नका. उतार कळत नाही, मुंग्यांचं वारूळ दिसत नाही, सकाळी उठून बघता तर गुरांच्या वाटेवर झोपलेले असता. शुक्रवारी साताऱ्यात राहा, किंवा गावातच कोणाच्या ओसरीवर पथाऱ्या टाका. शनिवारी वासोट्याला जाणारे जातील. मात्र मुलांचं बघा. अकरा वर्षांचं चढेल, सात वर्षांचं कुरकुरेल. चढ सगळा दाट झाडीतून आहे, ऊन लागत नाही, पण खडा आहे. एक मोठा माणूस धाकट्याबरोबर खाली राहिला तर उत्तम.

एक विसरू नका. थंडीत सकाळी पाण्यावर धुकं बसतं. समोरचा काठ दिसेपर्यंत बोटवाला निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यात तासभर गेला तर वर जाऊन वेळ काढत बसू नका, संध्याकाळची बोट तुमच्यासाठी थांबत नाही. ताई तेलिणीने वासोट्यावरून पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना झुंजवलं ती गोष्ट मुलांना बोटीतच सांगून टाका, वर गेल्यावर त्यांचं लक्ष माकडांकडे असतं.

तंबू शनिवारी परतल्यावर लावायचे म्हणजे पुन्हा अंधार. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. तेव्हा सकाळी निघायच्या आधीच तंबू उभे करून, रिकामे, चेन लावून ठेवा.

मोडकी_छत्री
रिकाम्या तंबूला चारही बाजूंच्या दोऱ्या बांधाच. आत वजन नसेल तर दुपारच्या वाऱ्याला तो पाण्याकडे चालू लागतो. पाठ वाऱ्याकडे, दार आडोशाकडे.

कोयनाकाठ
शेकोटीचं सांगतो. अभयारण्यात नाही म्हणजे नाही. आमच्या अंगणात घमेल्यात करा, जळण घरातलं. शेतात उघड्यावर नको. ह्या दिवसांत डोंगरातलं गवत सुकायला लागलेलं असतं, एक ठिणगी उडाली की वणवा. मागं लागलेला वणवा विझवायला आख्खं गाव फांद्या घेऊन पळतं, तवा पर्यटक व्हिडिओ काढत असतात.

तिखटमिरी
घमेल्यातली शेकोटी मुलांना जास्त आवडते, स्वानुभव. जवळ बसता येतं. बटाटे आणि रताळी न्या.

पोटोबा
आला, आला, जेवणाचा विषय आला! ताई, स्वतःचा स्वयंपाक करायच्या भानगडीत दोन्ही वेळ पडू नका. ओल्या हवेत काडेपेटी सादळते, आगपेटीच्या काड्या घासून घासून तुमचे हात काळे होतील. लायटर न्या, तोही दोन. छोटी गॅसची शेगडी सकाळच्या चहा-पोह्यांपुरती. रात्रीचं जेवण ज्यांच्या खाचरात राहताय त्यांच्याकडेच सांगा. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि खाणारे असाल तर धरणातले मासे. बांधावर बसून डबाबंद नूडल्स खाणाऱ्यांची मला मनापासून कीव येते.

निवृत्त_नाना
पोटोबांशी सहमत, प्रथमच.

ओलीभेळ
ठरलं तर मग. शुक्रवारी रात्री साताऱ्यात नात्यातल्या काकांकडे. शनिवारी पहाटे निघून बामणोली, आधी जागामालकाला भेटणार, पेंढा, ताडपत्री, तंबू (तिसरा मैत्रिणीचा उसना, दुपदरी आहे, तपासून घेतला). चार जण वासोट्याला, बाकी चार काठावर, धाकटीबरोबर मी. माझ्या गुडघ्यांनाही ते मानवेल. रात्री घमेल्याची शेकोटी, जेवण गावात. रविवारी तंबू उन्हात वाळवून दुपारी परत. ओले तंबू गुंडाळून घरी आणले तर बुरशी येते, हे एका ट्रेकर मित्राने सांगितलंय.

नवरोबांनी धागा पूर्ण वाचला. "बघतंय कोण" वरून आता "घोंगडी कुठे मिळते" वर आलेत.

आमचा कुत्रा न्यावा का, हा शेवटचा प्रश्न.

कड्यावरचा_कावळा
अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ देत नाहीत. गावातल्या कुत्र्यांशी त्याचं जमेल का, हे तुम्ही बघा. आणि बिबट्याला कुत्रा आवडतो, हेही लक्षात घ्या. पुण्यातच ठेवा.

कोयनाकाठ
ओळखपत्रांच्या झेरॉक्स साताऱ्यातनंच काढून आणा, इकडं लाइट असंल तरच मशीन चालतं. रोख पैसं आणा, रेंज नसली की फोनवरनं पैसं जात नाहीत. सकाळी साडेसातला धक्क्यावर या. धक्क्यापास्नं बोटीपर्यंत फळी टाकलेली असती, ती दवानं निसरडी होती. पोरांना हाताला धरून चढवा, बूट घालून उडी मारायची नाही.

पोटोबा
आणि मासे?

कोयनाकाठ
मासं आदल्या दिवशी सांगावं लागतात. जाळं संध्याकाळी टाकतात, सकाळी काढतात. किती माणसं खाणार तेवढं कळवा.

ओलीभेळ
सहा. पोटोबा येत असतील तर आठ धरा.